ओसाड माळावरचं धुणं

आमच्या गावात एकच वैमानिक होता आणि तो जन्मात कधी विमानात बसला नव्हता. तो माझा मामा. धंद्यानं सुतार. कपाटं, पाळणे, शाळेची बाकं असलं सगळं तो करायचा. लोक त्याला 'वैमानिक' म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. ही चेष्टा आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पदवी मिळाली की घ्यावी, ती कुणी आणि का दिली याच्या चौकशीत पडू नये, असा त्याचा एकूण स्वभाव होता.

गावातल्या एकुलत्या एका थिएटरात मी दारावर तिकिटं फाडायचो. हातात टॉर्च, खिशात फाडलेली अर्धुकं आणि डोक्यावर मॅनेजर. मॅनेजरचं माझ्यावर बारीक लक्ष असे, ते माझ्या कामामुळे नव्हे, मामामुळे. युद्धाचा सिनेमा लागला की मामा पहिल्या खेळाला हजर. बरोबर मामी. मामी गप्प बसून सिनेमा बघायची. मामा गप्पही राहायचा नाही आणि बसूनही राहायचा नाही. पडद्यावर विमान दिसलं की हा ताडकन उभा, हात लांब करून लोकांना सांगायचा, "सावली बघा, सावली. ऊन समोरून येतंय आणि सावलीही समोरच. हे विमान आहे की भूत?" एवढ्यात त्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली पडद्यावर पडलेली असे, थेट नायिकेच्या तोंडावर. मग मागून आरडाओरड सुरू व्हायची. "वैमानिक, खाली उतरा." मॅनेजर मला ढोसायचा आणि मी टॉर्च घेऊन माझ्या सख्ख्या मामाला बसवायला जायचो.

तो म्हणायचा त्यातलं निम्मं बरोबर असायचं, उरलेलं निम्मं तो आवाजाच्या जोरावर रेटून न्यायचा. विमानात बसलेली माणसं काय बोलतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं, तरी 'असं कुणी बोलत नाही' असं छातीठोक सांगायचा. पण मला विचाराल तर त्यासाठी ऐकायला कशाला हवं? पंख तुटलाय, इंजिन पेटलंय, जमीन भराभर वर येतेय, आणि आमचा नायक डोळे नीट दिसावेत म्हणून गॉगल कपाळावर सारून मायभूमीवर भाषण करतोय. स्वल्पविरामांसकट. शत्रूचा वैमानिक मात्र गॉगल कधी काढत नाही. त्याला बहुधा डोळे नसतात. त्याला घर नसतं, आई नसते, साधी सर्दी झालेलीही कधी दिसत नाही. तो फक्त दात विचकतो आणि नेम चुकवतो. असल्या शत्रूशी लढायला आपल्याला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न थिएटरातून बाहेर पडताना कुणालाच कसा पडत नाही, याचं मला नवल वाटायचं.

मामाचा आणि लढाईचा संबंध असा. लढाईच्या काळात तो विशीतला पोरगा होता, हातात नुकती कुठं करवत स्थिरावलेली. सैन्यानं आसपासचे सुतार गोळा केले आणि त्यांना खोटी विमानं बनवायला बसवलं. खरा विमानतळ टेकडीच्या अलीकडे, झाडीत झाकलेला. टेकडीच्या पलीकडे मोठा माळ. त्या माळावर खोटा विमानतळ उभा करायचा, म्हणजे शत्रू त्याच्यावर बॉम्ब टाकून खूश होऊन घरी जाईल, असा बेत होता. बांबूचा सांगाडा, त्यावर तरट, तरटाला खळ, खळीवर रंग. पंखा म्हणजे एक आडवी फळी. चौघांनी खांदा दिला की विमान चालू लागायचं.

यातली कला मामा फार रंगवून सांगायचा. वरून बघणाऱ्याला उंची दिसत नाही, सावली दिसते. तेव्हा विमान कसलंही असो, सावली विमानाची पडली पाहिजे. त्यामुळे मामाच्या विमानांना पोट नव्हतं. खालून बघितलं तर बांबूंचा नुसता गुंता. ही सवय त्याला जन्मभर चिकटली. मामानं केलेल्या कपाटाचं तोंड बघत राहावं असं, पाठ मात्र बघू नये. कुणी तक्रार केली की म्हणायचा, "पाठ भिंतीला लावायची असते. भिंत बोलली का काही?"

त्या माळावर पहिल्यांदा त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि ती फक्त सुतारांच्याच हातून होऊ शकते. त्यांनी सगळी विमानं सूत धरून एका रेषेत, सारख्या अंतरावर मांडली. भुसा आणि ढलप्या गोळा केल्या, माळ लख्ख झाडून काढला. आपलंच एक विमान वरून पाहणी करून आलं, तर खाली उतरलेला वैमानिक पोट धरून हसत होता. म्हणाला, "हा विमानतळ नाही, फर्निचरचं दुकान आहे." खऱ्या विमानतळावर तेल सांडलेलं असतं, चाकांच्या खुणा असतात, कुठंतरी धूर निघत असतो, माणसं उगाच इकडून तिकडे जात असतात.

मग छावणीचा मोठा साहेब स्वतः आला. त्यानं माळभर नजर फिरवली आणि म्हणाला, "फार मोकळं मोकळं वाटतंय. जिवंतपणा नाही." माळाच्या कडेला एक वीटभट्टी होती. तिच्या अंगाला भट्टीवर राबणाऱ्यांच्या झोपड्या. चुलींचा धूर, मातीत लोळणारी पोरं, दोरीवर वाळत घातलेलं धुणं. साहेबानं हातातली छडी तिकडे केली. "तिथं आहे की जिवंतपणा. विमानं तिकडे सरकवा. आणि त्या लोकांना हलवू नका."

सरकवली. भट्टीवाल्यांना सांगितलं, सरावासाठी आहे, घाबरायचं कारण नाही. ते कशाला घाबरतील? पोरांना तर आयती जत्राच मिळाली. विमानं उचलायला तीच पुढं झाली. भट्टीवरच्या एका बाईची थोरली मुलगी त्यांत होती, विटा वाहून वाहून खांदे घट्ट झालेली. तिनं एका पंखाखाली खांदा लावला आणि माझ्या मामाला म्हणाली, "एवढंच? आमचं गाढव याच्यापेक्षा जड ओझं नेतं." ती माझी मामी.

शत्रू आला तो एका सकाळी, उन्हं चांगली वर आल्यावर. बेत इतका उत्तम जमला की पुढं पुस्तकांतून त्याचं कौतुक झालं. बॉम्ब मामाच्या विमानांवर पडले आणि मामाच्या विमानांशेजारी पडले. शेजारी काय होतं ते मी सांगितलंच आहे. मामी विटांच्या गाडीबरोबर बाजारात गेली होती म्हणून वाचली. तिची आई वाचली नाही, रांगती बहीण वाचली नाही, आजूबाजूच्या झोपड्यांतलं जवळजवळ कुणीच वाचलं नाही. खऱ्या विमानतळाची एक काचही फुटली नाही. साहेबाला पदक मिळालं आणि सुतारांना एकेक कांबळं.

लढाई संपल्यावर माळावर एक दगडी फलक बसवला गेला. अजून आहे. 'येथे शत्रूची दिशाभूल करण्यात आली. शत्रूने या ओसाड माळावर बॉम्ब टाकले. जीवितहानी नाही.' अक्षरं फार सुबक कोरलेली आहेत. त्या फलकापायी मामानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, नोंद नाही. भट्टीची नोंद नाही, झोपड्यांची नोंद नाही. आणि ज्यांच्या राहण्याची नोंद नाही, ती माणसं मेली असं सरकारनं कोणत्या तोंडानं म्हणायचं? एका कारकुनानं मामाला समजुतीच्या स्वरात सांगितलं, "अहो, कुणी मेलं नाही ही चांगलीच गोष्ट आहे ना? तुम्ही वाईट का वाटून घेता?"

मामानं मामीशी लग्न केलं ते प्रेमानं की मनाला लागलं म्हणून, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. साहेब काय म्हणाला होता, विमानं कुणी आणि का सरकवली, हे त्यानं तिला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि तरी त्याला होकार दिला. पुढं संसारात भांडणं झाली, भरपूर झाली, पण ती मिठावरून आणि मुलांवरून. या गोष्टीवरून एकही नाही. फक्त एकदा ती माझ्या आईजवळ म्हणाली होती, "आमच्या घराचा एक फोटोसुद्धा नाही हो वन्सं. आईचा चेहरा आठवतो. घर मात्र हल्ली नीट आठवत नाही, दार कुठल्या अंगाला होतं त्यावरून मी स्वतःशीच वाद घालते." आईनं हे मामाला सांगितलं. मला वाटतं युद्धाच्या प्रत्येक सिनेमाला मामा धावायचा तो तेव्हापासून. कुणीतरी कधीतरी तो माळ दाखवेल, या आशेवर तो विमानांच्या सावल्या मोजत बसायचा.

आणि एक दिवस सिनेमावाले खरंच आले.

दिग्दर्शक तरुण होता, दाढी राखलेला, आवाज मऊ. त्याला त्या खोट्या विमानतळावर सिनेमा काढायचा होता. 'अचूक' हा शब्द त्याच्या तोंडी इतक्या वेळा यायचा की मामानं पहिल्या दिवशीच त्याचं नाव अचूकराव ठेवलं. माणूस होताही तसा. गणवेशाची बटणं त्यानं जुन्या वस्तूंच्या बाजारातून एकेक करून जमवली होती. रंगाची छटा मिळावी म्हणून एका गंजक्या विमानाचा पापुद्रा खरवडून आणला होता. त्या काळी काडेपेटीवर वेगळं चित्र असायचं, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा त्यानं अख्ख्या दिवसाचं चित्रीकरण थांबवलं. काडेपेटी अचूक झाल्यावरच नायकानं सिगारेट पेटवली.

तो मामाच्या कामाच्या जागी आला तेव्हा मी तिथंच होतो. "काका," तो म्हणाला, "आम्हाला ती विमानं हवीत. अगदी तशीच."

"तशीच म्हणजे खोटी?"

"हो, पण अचूक खोटी."

"मिळतील," मामा म्हणाला. "माझी एकच अट आहे. भट्टी दाखवायची. झोपड्या, धुणं, पोरंबाळं, सगळं. आणि त्यांचं काय झालं तेही."

अचूकराव ओशाळून हसला. "काका, मी सगळी कागदपत्रं वाचलीत. त्यात भट्टी कुठंच नाही. फलकावर तर चक्क ओसाड माळ लिहिलंय. मी इतिहासाशी खेळू शकत नाही हो."

"कागदपत्रांत मी तरी कुठं आहे? मग मला कसे शोधत आलात?"

"बघू," अचूकराव म्हणाला. या शब्दाचा अर्थ जगभर एकच आहे, पण मामानं तो होकार समजून रंधा हातात घेतला. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं मामीला सांगितलं, "तुझं घर दाखवतो तुला. पडद्यावर, एवढं मोठं." मामी म्हणाली, "आधी दाखवा, मग बोला." पण दुसऱ्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. भाजी चिरता चिरता ती थांबायची आणि विचारायची, चूल बाहेर होती ना हो? दाराच्या डावीकडे?

चित्रीकरण म्हणजे एकेक मौज होती. मामाच्या विमानांना पोट नव्हतं आणि अचूकरावला पोट हवं होतं, कारण नायक विमानाखाली बसून नर्सशी मनातलं बोलणार होता. मामानं विचारलं, नर्स कुठली? अचूकराव म्हणाला, सिनेमात एक लागते. लढाईच्या काळात त्या माळावर एकही नर्स फिरकली नव्हती. फिरकली असती तर बरं झालं असतं. शेवटी एका विमानाला पोट करून दिलं, त्यावर खोटे रिबिट ठोकले, आणि नर्स त्याखाली बसून सुंदर रडली. तिच्या टोपीवरचं चिन्ह अगदी अचूक होतं.

एकदा मी मामाचा डबा घेऊन माळावर गेलो होतो. कॅमेरामन हेलिकॉप्टरातून वरचं दृश्य बघून उतरला, धुळीतून चालत आला आणि अचूकरावला म्हणाला, "फार मोकळं मोकळं वाटतंय. जिवंतपणा नाही."

मामाच्या हातातला हातोडा हातातच राहिला. तो असा पांढराफटक पडला की मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. तो सरळ त्या दोघांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कडेला भट्टी लावा. झोपड्या लावा. मी बांधून देतो."

कॅमेरामननं डोळे बारीक करून माळाकडे बघितलं. "हां. त्यानं फ्रेम भरेल."

फ्रेम भरेल म्हटल्यावर इतिहासाची हरकत उरली नाही. अचूकरावनं त्याच दिवशी परवानगी दिली. जे कचेऱ्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते एका कॅमेरामनला धुळीतून चालताचालता जमलं, आणि त्यासाठी त्यानं जे वाक्य वापरलं ते मामानं आधी ऐकलेलं होतं. घरी येताना वाटेत मामा मला एवढंच म्हणाला, "माणसं बदलतात, डोळा तोच राहतो."

झोपड्या मामानं बांधल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीची पाठही केली. कॅमेरा वरून येणार होता, कुणाला मागची भिंत दिसणार नव्हती, तरी ती त्यानं लिंपली. शेवटच्या दिवशी मामी आली. तिनं सगळं फिरून बघितलं. दाराला हात लावला, चूल दोन वितींनी सरकवून घेतली. मग धुण्याच्या दोरीपाशी थांबली. "ही खाली घ्या," ती म्हणाली. "आईचा हात एवढ्या वर पोचायचा नाही." दोरी खाली आली. तिनं घरून आणलेली लाल चादर आणि एक झबलं स्वतः झटकून वाळत घातलं, आणि दारात जाऊन उभी राहिली. अचूकरावची माणसं लाल रंग छान उठून दिसतो असं आपसात बोलत होती. मामी बराच वेळ तिथून हलली नाही. तिला हलवायचं धाडस कुणाला झालं नाही, मलाही नाही.

झोपड्या उडवायच्या दिवशी मामानं तिला नेलं नाही. स्वतःही गेला नाही. दोघं घरी बसून शेंगा सोलत होती असं आई म्हणाली.

सिनेमा आमच्याच थिएटरात पहिल्यांदा लागला. गावातली मोठी मोठी माणसं आली, ज्यांचा विमानाशी संबंध फक्त सिनेमातून आलेला होता. मॅनेजरनं इस्त्रीचा कोट चढवला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "तुझा मामा आज उभा राहिला तर तू उद्यापासून घरी बस." मी मामाला शपथ घालून बजावलं. मामा म्हणाला, "आज कशाला उभा राहू? आज सगळं मीच बांधलंय." अचूकरावनं दोघांना मानाच्या जागा दिल्या होत्या, बाल्कनीत अगदी मागं, प्रोजेक्टरच्या झरोक्याखाली. मी भिंतीला टेकून त्यांच्या जवळच उभा राहिलो.

मध्यंतरापर्यंत नायक प्रेमात पडला, नर्स रडली, शत्रूनं दात विचकले. मामा ओठ घट्ट मिटून बसला होता. एका विमानाची सावली उलटी पडली तेव्हा त्याचा गुडघा हलला, पण त्यानं तो हातानं दाबून धरला. मध्यंतरानंतर सकाळ झाली, संगीत थांबलं आणि कॅमेरा वर गेला. माळ दिसला. विमानं दिसली, मामाची, सावल्यांसकट. आणि कडेला भट्टी. धूर. झोपड्या. खाली घेतलेली दोरी, तिच्यावर हलणारी लाल चादर, शेजारी चिमुकलं झबलं.

"आलं बघ," मामा कुजबुजला.

मामी पुढं झुकली. पडद्यावर बॉम्ब पडू लागले, आणि चित्र एकदम खंदकात गेलं. तिथं सिनेमातला साहेब दुर्बिणीतून बघत होता. त्यानं दुर्बीण खाली घेतली, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "टाका, टाका लेको. ते वाळत घातलेलं धुणंसुद्धा आमचंच आहे." सगळं थिएटर हसलं. मग टाळ्या पडल्या. खाली कुणीतरी शिटी मारली.

मला सांगायला लाज वाटते, पण वाक्य फेकलं होतं झकास. आणि खरंही होतं. बटणं, रंग, काडेपेटी, टोपीवरचं चिन्ह एवढं सगळं करून त्या सिनेमात खऱ्या साहेबाच्या मनातलं एकच वाक्य आलं होतं, तेही विनोद म्हणून. लोकांना वाटलं झोपड्याही खोट्या, बांधून घेतलेल्या. धुणंही खोटं. त्यात कुणी राहत असेल हे त्या हसणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. मी मामाकडे बघितलं. मला खात्री होती तो उठणार. माझी नोकरी मी तेवढ्यात मनातल्या मनात सोडूनही दिली होती.

उठली ती मामी. तिच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली, बॉम्बच्या धुरात, बरोब्बर मध्ये.

"ओ आजी, खाली बसा," पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून म्हणालं. "दिसत नाही."

मॅनेजर दारातून खुणा करत होता. मी टॉर्च घेऊन तिच्यापाशी गेलो. मला वाटलं तिला ओरडायचं असेल, सांगायचं असेल, आणि मी तिला ओरडू देणार होतो. पण ती पडद्यावरून नजर न हलवता मला म्हणाली, "पुन्हा दाखवतील का रे? दार नीट बघायचं राहिलं." तिनं साहेबाचं वाक्य ऐकलंच नव्हतं. ती नीट दिसावं म्हणून उठली होती.

मी म्हणालो, "पुढच्या खेळाला दाखवतील, मामी."

खेळ सुटल्यावर अचूकराव हात पुढं करून आला. "कशी वाटली भट्टी, काका? नुसतं दृश्य होतं तेव्हा लोकांना कळेना, झोपड्या कशाला दाखवल्या. मग डबिंगच्या वेळी ते वाक्य सुचलं, आणि सगळं बसलं."

मामानं त्याचा हात हातात घेतला. "वाक्य खरं आहे," तो म्हणाला.

"हो ना?" अचूकराव मनापासून खूश झाला. त्या बिचाऱ्याला वाटलं आपली तारीफ झाली. मामानं त्याला ते समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. मी करणार होतो, तर मामानं माझं मनगट धरलं आणि आम्ही जिना उतरलो.

त्यानंतर सिनेमा गावात होता तोवर मामी रोज यायची. मध्यंतर झालं की दारात उभी राहायची, मी तिला आत सोडायचो, तिकीट न फाडता. ती मागच्या भिंतीशी उभी राहून तेवढंच बघायची आणि साहेब दुर्बीण खाली घेण्याआधी बाहेर पडायची. मागं हशा व्हायचा तेव्हा ती जिन्यावर असायची. एकदा बाहेर येऊन मला म्हणाली, "उजवीकडे होतं दार. मी उगाच भांडत होते स्वतःशी." घर तिला परत मिळालं होतं, रोजचं थोडं थोडं, आणि त्याची किंमत म्हणून गाव रोज हसत होतं. मामा त्या दिवसांत थिएटरच्या बाजूला फिरकला नाही.

शेवटच्या दिवशी दोघं बरोबर आली. तोवर सिनेमाची हवा गेली होती. दुपारच्या खेळाला आत कुत्रंही नव्हतं, मॅनेजर त्याच्या खोलीत घोरत होता. मामी आज बाहेर गेली नाही. म्हणाली, "आज हसायला कुणी नाही. शेवटपर्यंत बघते." ती दोघं बाल्कनीत मागं त्यांच्या मानाच्या जागी बसली. माळ आला, भट्टी आली, चादर हलली, बॉम्ब पडले. साहेबानं दुर्बीण खाली घेतली आणि त्याचं वाक्य म्हणून हसला. रिकाम्या खुर्च्यांसमोर तो एकटाच हसत होता, आणि एकट्यानं हसणारा माणूस फार वेडगळ दिसतो.

मग मामा उठला. त्याच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली, जुन्या सवयीनं हातही लांब झाला. या वेळी तो सावलीबद्दल काही बोलला नाही.

"त्यात माणसं होती," तो म्हणाला. मोठ्यानं, त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं. "हिची आई होती. हिची बहीण होती, रांगत होती."

मामीनं त्याला खाली ओढलं नाही. मी टॉर्च बंद केला. 'खाली बसा' म्हणायला थिएटरात कुणी नव्हतं.